इंटरनेट एक्सप्लोरर ६ चा उलटा वाचलेला धडा

जुन्या ब्राउझरसाठी वेळ घालवू नका, वापरणाऱ्याला ब्राउझर अपडेट करायला सांगा आणि पुढे चला. वेबसाइट बनवणाऱ्यांच्या वर्तुळात हा सल्ला आता इतका रुळला आहे की त्यावर कोणी वाद घालत नाही. तो देणाऱ्यांकडे कारणेही तयार असतात. जुना ब्राउझर असुरक्षित असतो, त्याच्यासाठी वेगळा कोड लिहिण्यात पैसा जातो, तो वापरणारे लोक नगण्य उरले आहेत आणि त्यांना सांभाळत बसले की वेबची प्रगती खुंटते. या सगळ्या कारणांच्या पाठीशी इंटरनेट एक्सप्लोरर ६ चा इतिहास उभा केला जातो. तो ब्राउझर हटवला तेव्हा कुठे वेबने मोकळा श्वास घेतला, म्हणून आजच्या जुन्या ब्राउझरांचीही तीच गत व्हावी, असा हा युक्तिवाद. मला तो मुळातच चुकीचा वाटतो. इतिहास खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे, आणि त्या निष्कर्षाची किंमत मोजणाऱ्यांचा आवाज या चर्चेत कधी पोहोचतच नाही.

आधी तो इतिहास नीट पाहू. इंटरनेट एक्सप्लोरर ६ ऑगस्ट २००१ मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या विंडोज एक्सपीबरोबर घराघरांत आणि कचेऱ्यांत पोहोचला. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने ब्राउझरकडे जवळजवळ पाठ फिरवली, इतकी की पुढची आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. मधल्या काळात जगातले दहापैकी नऊ लोक मायक्रोसॉफ्टचाच ब्राउझर वापरत होते. साहजिकच त्या ब्राउझरच्या चुकांना नियमाचे बळ आले. डावीकडे सरकवलेल्या चौकटीला सांगितलेल्या समासाच्या दुप्पट समास तो देई. पीएनजी चित्राचा पारदर्शक भाग राखाडी करून दाखवी. माउस वर नेल्यावर रंग बदलण्याची सोय त्याने दुव्यापुरतीच ठेवली होती. वेबसाइट आधी प्रमाणाबरहुकूम बांधायची आणि मग ती एक्सप्लोररमध्ये मोडू नये म्हणून तेवढाच वेळ ठिगळे लावण्यात घालवायचा, हे त्या पिढीचे रोजचे काम होते. जुलै २००९ मध्ये यूट्यूबवर एक पट्टी झळकली : या ब्राउझरसाठीची सोय आम्ही लवकरच बंद करत आहोत. ती लावणाऱ्या अभियंत्यांपैकी ख्रिस झकारायस यांनी २०१९ मध्ये जाहीर केले की तिला वरिष्ठांची रीतसर मंजुरी नव्हती. मार्च २०१० मध्ये गूगलने आपल्या सेवांमधून या ब्राउझरचा आधार काढायला सुरुवात केली आणि मार्च २०११ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने त्याच्या निरोपासाठी एक संकेतस्थळ काढले. त्या अभियंत्यांचा संताप रास्त होता, याबद्दल माझे दुमत नाही.

पण त्या ब्राउझरचा दोष त्याचे वय हा नव्हता. जे मला कळते असे तो सांगत होता तेच तो चुकीचे करत होता. समास म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते आणि तरी तो समास चुकवत होता. अशा ब्राउझरपुढे लिहिणाऱ्याचा नाइलाज होतो, कारण बरोबर लिहिले तरी निकाल चूक येतो. आज आपण ज्याला जुना ब्राउझर म्हणतो तो या जातीचा नाही. २०१९ चा क्रोम किंवा २०१६ चा फायरफॉक्स घ्या. त्यांच्या दिवसापर्यंत जे प्रमाण ठरले होते ते दोघेही बऱ्यापैकी अचूक पाळतात. त्यानंतर जे ठरले ते त्यांना माहीत नाही, इतकेच. चुकीचे समजणाऱ्याशी व्यवहार करणे आणि काही गोष्टी न समजणाऱ्याशी व्यवहार करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी खरोखर वेगळा कोड लागतो. दुसऱ्याची सोय वेबच्या पायातच केलेली आहे.

ही सोय कशी चालते ते समजून घेतल्याशिवाय हा वाद पुढे जाणार नाही, म्हणून जरा तपशिलात जातो. एचटीएमएलमधली अनोळखी खूण दिसली की ब्राउझर ती बाजूला ठेवतो, पण तिच्या आतला मजकूर दाखवतो. सीएसएसमधली अनोळखी ओळ दिसली की तेवढी ओळ सोडून तो पुढची वाचतो. हा योगायोग नव्हे. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले तेव्हाच, पुढे येणाऱ्या आणि आज ठाऊक नसलेल्या गोष्टींचे काय करायचे याचे नियम त्यात घातलेले होते. सीएसएस ग्रिड ही मांडणीची पद्धत मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारीत एकाच महिन्यात आली. त्याआधीच्या ब्राउझरला ती कळत नाही, म्हणून त्यात पानाचे रकाने शेजारी-शेजारी न दिसता एकाखाली एक दिसतात. फोनच्या अरुंद पडद्यावर नव्या ब्राउझरमध्येही ते तसेच दिसतात. म्हणजे ज्या 'बिघाडा'च्या धास्तीने जुन्या फोनला बाहेर ठेवायचे, तो तिथे बिघाड म्हणून दिसतही नाही. 'हे तुला जमते का' असे ब्राउझरलाच विचारून मग पुढची मांडणी देण्याची सोयही सीएसएसमध्ये कितीतरी वर्षांपासून आहे.

अपवाद आहे तो जावास्क्रिप्टचा, आणि सगळे घोडे तिथेच अडते. जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये एक जरी अनोळखी चिन्ह आले तरी ब्राउझर ती ओळ सोडून पुढे जात नाही, अख्खी फाइल टाकून देतो. प्रश्नचिन्ह आणि टिंब जोडून लिहायची एक सोयीची खूण २०२० च्या पूर्वार्धात क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत आली. मूल्य असेल तर पुढे जा, नसेल तर थांब, असा तिचा अर्थ. ती नसली तर दोन शब्द जास्त लिहावे लागतात, बाकी काही नाही. पण ती तशीच ठेवून फाइल पाठवली तर २०१९ च्या ब्राउझरमध्ये त्या फाइलमधले काहीही चालत नाही. आता अनेक वेबसाइट अशा बांधल्या जातात की सर्व्हरकडून जवळजवळ रिकामे पान येते आणि मथळा, मजकूर, अर्ज, बटण हे सगळे नंतर जावास्क्रिप्ट उभे करते. तिथे या दोन चिन्हांमुळे माणसाला पांढरा पडदा दिसतो. रेल्वेचे वेळापत्रक किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज दाखवायला २०१९ चा ब्राउझर असमर्थ होता असे कोणी म्हणणार नाही. १९९९ चा ब्राउझरही ते करत होता. पान उघडले नाही याचे कारण त्या ब्राउझरच्या वयात शोधणे चूक आहे. ज्या कामाला जावास्क्रिप्टची गरज नव्हती ते काम तिच्यावर सोपवण्याचा निर्णय बांधणाऱ्याने घेतला, म्हणून ते उघडले नाही.

'अपडेट करा' या आज्ञेत एक गृहीतक दडलेले आहे : अपडेट करणे वापरणाऱ्याच्या हातात आहे आणि आळसाने किंवा अज्ञानाने तो ते करत नाही. एक्सप्लोररच्या काळात हे बऱ्याच अंशी खरे होते. त्याच संगणकावर फायरफॉक्स फुकट उतरवता येत होता, अडथळा होता तो कार्यालयाच्या धोरणाचा. आज चित्र वेगळे आहे. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ वी, जानेवारी २०२३ ची. २०२५ मध्ये क्रोमची १३८ वी आवृत्ती आली आणि अँड्रॉइड ८ व ९ असलेल्या फोनांसाठी ती शेवटची ठरली. अँड्रॉइड ९ ऑगस्ट २०१८ मध्ये आले होते, त्यामुळे २०१९ मध्ये दुकानातून कोरा करकरीत आणलेला फोनही, त्याच्या कंपनीने पुढचे अँड्रॉइड दिले नसेल, तर या रेषेच्या अलीकडे अडकला. आपल्याकडच्या आयफोनवर कोणताही ब्राउझर घ्या, आत इंजिन ॲपलचेच असते आणि ते ऑपरेटिंग सिस्टिमबरोबरच बदलते. आयफोन ६ ची गाडी आयओएस १२ वर थांबली ती थांबलीच. या माणसांना 'ब्राउझर अपडेट करा' म्हणणे म्हणजे 'नवा फोन घ्या' म्हणणे आहे, आणि ते तसे स्पष्ट म्हणायला कोणी तयार नसते.

यातले सर्वांत बोलके उदाहरण जिओफोनचे. २०१७ मध्ये दीड हजार रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर आलेला हा बटणांचा फोन दहा कोटींहून अधिक लोकांच्या हातात गेला. ५१२ एमबी रॅम, अडीच इंचांहूनही लहान पडदा आणि आत कायओएस. त्या कायओएसच्या पोटात फायरफॉक्स ४८ चे, म्हणजे ऑगस्ट २०१६ चे इंजिन. ग्रिड त्यानंतरची, जावास्क्रिप्टची मॉड्यूल पद्धत त्यानंतरची. ज्यांच्या घरात इंटरनेट पहिल्यांदाच आले अशा कितीतरी लोकांसाठी वेबचे दार म्हणजे हे इंजिन होते, आणि ते विकत घेतल्या दिवसापासूनच जुने होते. हा फोन घेणाऱ्याने अपडेट करण्यात काय कसूर केली?

यावरचे पहिले उत्तर आकड्यांचे असते. आमच्या वेबसाइटवर असे लोक एक टक्काही नाहीत, आकडेवारी पाहा, असे सांगितले जाते. ही आकडेवारी कुठून येते ते पाहायला हवे. बहुतेक वेबसाइटवरची मोजणी जावास्क्रिप्टच करते. जिच्यामुळे पान कोसळले तीच मोजायला बसली असेल, तर पांढरा पडदा पाहून परत गेलेला माणूस नोंदलाच जात नाही. दोन-तीनदा प्रयत्न करून नाद सोडलेला माणूस पुढच्या वर्षीच्या आकड्यांत कुठून दिसणार? याचा सर्वांत ठसठशीत पुरावा यूट्यूबच्याच इतिहासात आहे, आणि तो देणारे अभियंते तेच ख्रिस झकारायस आहेत, ज्यांनी एक्सप्लोररविरुद्धची पट्टी लावली. यूट्यूबचे व्हिडिओचे पान तेव्हा १.२ एमबीपर्यंत फुगले होते. झकारायस यांनी ते १०० केबीच्या आत आणले, त्या प्रकल्पाचे नाव फेदर. ते काही लोकांसाठी खुले केल्यावर आठवडाभराने आकडे आले तेव्हा पान उघडायला लागणारा सरासरी वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. प्रदेशवार पाहिल्यावर उलगडा झाला. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सायबेरियाचे दुर्गम भाग इथून लोक यायला लागले होते. त्यांना पूर्वीचे पान उघडायला वीस मिनिटे लागत, आता दोन मिनिटे लागत होती. पूर्वी ते यूट्यूबच्या कोणत्याच सरासरीत नव्हते. हा प्रयोग पानाच्या वजनाचा होता, ब्राउझरच्या वयाचा नव्हे. पण मोजणीतली फट तीच आहे : ज्याला तुम्ही आत येऊ देत नाही तो तुमच्या पाहणीत सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून त्याला आत घ्यायची गरज नाही असे तुम्ही ठरवता.

ब्रिटनच्या सरकारी डिजिटल विभागाने २०१३ मध्ये हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने मोजली. त्यांच्या संकेतस्थळावर येणाऱ्या लोकांपैकी १.१ टक्के लोकांपर्यंत जावास्क्रिप्ट पोहोचत नव्हती. त्यांतल्या ०.२ टक्क्यांनीच ती बंद ठेवली होती किंवा त्यांच्या ब्राउझरला ती येत नव्हती. उरलेल्या ०.९ टक्क्यांचे ब्राउझर सक्षम होते, पण तुटलेले कनेक्शन, मध्येच फाइल अडवणारे नेटवर्क अशा काही कारणांनी ती चालली नाही. म्हणजे जावास्क्रिप्टशिवायही उभे राहणारे पान केले तर त्याचा फायदा जुन्या ब्राउझरवाल्यांपेक्षा नव्या ब्राउझरवाल्यांनाच अधिक झाला असता. आपल्याकडे एसटीत बसून, घाटात रेंज येत-जात असताना पान उघडणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आणि एक टक्का हा आकडा दुकानासाठी लहान असेल, सरकारसाठी नाही. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पंधरा लाख मुले दहावीच्या परीक्षेला बसतात आणि २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. त्या एक टक्क्यात पंधरा हजार मुले असतात.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. जुन्या ब्राउझरमधली भगदाडे बुजवली जात नाहीत, हे खरे आहे. सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यातला दुवा जुन्या, मोडता येण्यासारख्या सांकेतिक पद्धतीवर चालू ठेवला तर त्याचा धोका एकट्या वापरणाऱ्याला नसतो, हेही खरे. म्हणूनच टीएलएस १.० आणि १.१ या पद्धती मोठ्या ब्राउझरांनी २०२० मध्ये मोडीत काढायला घेतल्या ते योग्यच झाले. पण टीएलएस १.२ हे प्रमाण २००८ चे आहे. २०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५ ला ते येते, जिओफोनमधल्या फायरफॉक्सच्या इंजिनालाही येते. सुरक्षिततेची रेषा तिथे आखली तर दहा वर्षांपूर्वीचा फोन आतच राहतो. म्हणजे सुरक्षिततेचे कारण पुढे करून जे दार लावले जाते ते सुरक्षिततेच्या रेषेच्या कितीतरी अलीकडे लावलेले असते. शिवाय दार लावल्यावर तो माणूस जातो कुठे, याचा विचार या आक्षेपात नाही. त्याचा फोन काही त्या क्षणी सुरक्षित होत नाही. तो सायबर कॅफेत जातो, एजंटाकडे जातो, शेजाऱ्याचा फोन मागतो. तिथे तो आपला आधार क्रमांक, पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी दुसऱ्याच्या हवाली करतो. स्वतःच्या जुन्या फोनवर त्याने अर्ज भरला असता त्यापेक्षा हे निश्चितच अधिक धोक्याचे आहे.

सुरक्षिततेचीच जबाबदारी असलेल्या एका संस्थेने हा पेच कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था वेबसाइटना सुरक्षित दुव्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे फुकट देते. तिच्या प्रमाणपत्रांना ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राचा टेकू होता त्याची मुदत सप्टेंबर २०२१ मध्ये संपणार होती आणि तिचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१ च्या आधीच्या फोनांना ओळखीचे नव्हते. नोव्हेंबर २०२० मध्ये संस्थेने जाहीर केले की असे फोन अँड्रॉइड फोनांच्या ३३.८ टक्के आहेत आणि त्यांच्यावर असंख्य वेबसाइट उघडणे बंद होईल. 'नवा फोन घ्या' म्हणून हात झटकायला इथे पुरेपूर निमित्त होते. संस्थेने पुढच्याच महिन्यात दुसरा मार्ग काढला. जुने अँड्रॉइड मूळ प्रमाणपत्राची मुदत तपासत नाही, या गोष्टीचा आधार घेऊन तिने टेकू देणाऱ्या कंपनीकडून आणखी तीन वर्षांची सही मिळवली. ती तीन वर्षे सरत आली तोवर अँड्रॉइड ७.१ किंवा त्यापुढचे फोन ६६ टक्क्यांवरून सुमारे ९४ टक्क्यांवर गेले होते, आणि २०२४ मध्ये तो जुना टेकू काढून घेतला गेला. जुन्याला आधार देणे म्हणजे त्याला कायमचे गळ्यात बांधून घेणे, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावे. फोन आपल्या गतीने बदलत होते. त्यांना वेळ द्यायची गरज होती आणि तो दिला गेला.

खर्चाचा आक्षेप एका गैरसमजावर उभा आहे. आधार देणे म्हणजे प्रत्येक ब्राउझरमध्ये पान हुबेहूब एकसारखे दिसणे, अशी त्यात समजूत आहे. एक्सप्लोररच्या काळात ग्राहक तसे मागत आणि खर्च त्या मागणीमुळे वाढे. पण स्टीव्हन चॅम्पियन आणि निक फिंक यांनी २००३ मध्येच वेगळी दिशा दाखवली होती : आधी सर्वांना चालेल असा मजकूर आणि अर्ज, मग ज्याला पेलेल त्याला त्यावर सजावट आणि सोयी. बीबीसीच्या बातम्यांच्या चमूने २०१२ मध्ये हेच तत्त्व अगदी थोड्या ओळींत बसवले. ब्राउझरला तीन गोष्टी येतात का एवढे तपासायचे. येत असतील तर पूर्ण रूप द्यायचे, नसतील तर साधी बातमी वाचायला द्यायची. ब्राउझरचे नाव विचारायचे नाही, त्याच्या वयाची चौकशी नाही, वेगळ्या पानांचा संच नाही. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळाच्या बांधणीसंचाने डिसेंबर २०२३ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला जावास्क्रिप्ट देणे थांबवले, आणि मला त्यात काही वावगे दिसत नाही, कारण त्या सेवांची घडण अशी ठेवलेली आहे की नुसत्या एचटीएमएलवरही अर्ज भरता यावा. जुन्या ब्राउझरसाठी रोज चाचण्या करण्याचा खर्च त्यांनी वाचवला, पण माणसाला बाहेर काढले नाही. खर्चाची खरी चिंता असेल तर तिचे उत्तर हे आहे. याउलट, साध्या अर्जासाठी शेकडो केबीची जावास्क्रिप्ट चढवायची, मग ती जुन्यात चालत नाही म्हणून तिच्यावर आणखी थर चढवायचे, आणि शेवटी 'जुन्याला आधार देणे महाग पडते' असे म्हणायचे, हा खर्च जुन्या ब्राउझरच्या खात्यावर टाकणे अप्रामाणिकपणाचे आहे.

आणि प्रगती अडते हे म्हणणे? इथेच एक्सप्लोररचा धडा सर्वांत उलटा वाचला गेला आहे. २००१ ते २००६ मध्ये वेब थबकले ते लोक जुना ब्राउझर वापरत होते म्हणून नव्हे. बाजारात एकच ब्राउझर उरला होता आणि सगळे जण त्या एकासाठीच लिहीत होते, म्हणून ते थबकले. दक्षिण कोरियाने ही गोष्ट टोकाला नेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या निर्यातनिर्बंधांमुळे मजबूत सांकेतिक पद्धत बाहेरच्या देशांना सहज मिळत नव्हती, म्हणून कोरियाने सीड नावाची स्वतःची पद्धत बनवली आणि ती ब्राउझरमध्ये चालावी म्हणून मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्सचा आधार घेतला. त्यामुळे बँकेचा व्यवहार असो की सरकारी काम, इंटरनेट एक्सप्लोररशिवाय पान हलेना. जगातल्या सर्वांत वेगवान इंटरनेटच्या देशात ही अवस्था कित्येक वर्षे टिकली, आणि त्या व्यवस्थेच्या मुळाशी असलेल्या सरकारमान्य प्रमाणपत्राचा खास दर्जा डिसेंबर २०२० मध्ये कुठे संपला. आपल्याकडेही ई-निविदा आणि डिजिटल सहीची संकेतस्थळे जावा ॲप्लेटवर आणि एक्सप्लोररवर अडकून होती. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने असे प्लगइन चालवणे कायमचे बंद केले तेव्हा त्या कामासाठी लोकांना जुना ब्राउझर मुद्दाम जपून ठेवावा लागला. 'इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसते' ही ओळ सरकारी पानांच्या तळाशी वर्षानुवर्षे असे. आज तिच्या जागी 'क्रोमची ताजी आवृत्ती वापरा' असे लिहिले जाते. नाव बदलले, वृत्ती तीच राहिली. एका कंपनीच्या एका आवृत्तीसाठी बांधायचे आणि बाकीच्यांना दाराबाहेर ठेवायचे, हीच तर एक्सप्लोररच्या जमान्याची व्याधी होती. ती व्याधी नव्याने जोपासणाऱ्यांनी एक्सप्लोररच्या पाडावाचा दाखला द्यावा, हे मला पटत नाही.

नवी तंत्रे वापरू नयेत असे माझे म्हणणे नाही. ग्रिड वापरावी, नव्या सोयी घ्याव्यात. एखादे वैशिष्ट्य सर्व मुख्य ब्राउझरांत येऊन तीस महिने झाले की ते सरसकट वापरायला योग्य मानावे, असा बेसलाइन या नावाचा संकेत २०२३ पासून रूढ होतो आहे. सजावटीसाठी तो ठीक आहे. पण तीस महिने म्हणजे अडीच वर्षे, आणि अडीच वर्षांत फोन बदलणे ही आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांची रीत नाही. थोरल्याचा फोन धाकट्याकडे आणि धाकट्याचा आजीकडे जातो. म्हणून त्या संकेतावर अर्जाचे बटण टांगू नये. नकाशा फिरवणे, व्हिडिओ कापणे, दोघांनी एकाच वेळी एक कागद लिहिणे अशी जी कामे नव्या ब्राउझरशिवाय होतच नाहीत, तिथे नवा ब्राउझर मागावा, कोणाची तक्रार नसेल. सातबारा पाहणे, निकाल वाचणे, फी भरणे, दाखल्यासाठी अर्ज करणे ही त्यातली कामे नाहीत. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क असेल, तर त्या सेवेचा अर्ज त्याच्याकडे असलेल्या फोनवर उघडणे हा त्या हक्काचाच भाग मानावा लागेल.

केंद्र सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि संकेतस्थळ अनेक ब्राउझरांवर तपासलेले असावे असे ती सांगतात. क्रोम, एज आणि फायरफॉक्सच्या त्या महिन्याच्या आवृत्त्यांवर तपासले की ही अट कागदावर पुरी होते आणि जुना फोन तिच्यात येतच नाही. म्हणून माझे मागणे सार्वजनिक संकेतस्थळांच्या निविदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांकडे आहे. निविदेत ब्राउझरांची नावे घालू नका. तीन अटी घाला. जावास्क्रिप्ट बंद असतानाही अर्ज भरून पाठवता आला पाहिजे. ब्राउझरचे नाव पाहून कोणालाही अडवता कामा नये. आणि काम स्वीकारण्यापूर्वी सात वर्षांपूर्वीच्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर आणि एका जिओफोनवर, साध्या मोबाइल नेटवर, तोच अर्ज पहिल्या पानापासून पावतीपर्यंत तुमच्यासमोर भरून दाखवला पाहिजे. तो भरता आला नाही तर बिल मंजूर करू नका.